वाटेवरचे गाजरगवत : काय उपटायचे, कोणासाठी उपटायचे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्हाला बोलायला विषय दिला आहे 'पर्यावरण आणि आपण'. विषय मोठा आहे. आम्ही जिनिंगमध्ये रेच्यावर उभे राहून आयुष्य काढलेली माणसे. शाळा सुटली सातवीत, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि चळवळीत. तेव्हा आकाशातल्या ओझोनचे आमच्यापेक्षा शिकलेली मंडळी सांगतील. आम्ही विहाराच्या मागून पाझर तलावाकडे जी वाट जाते, तेवढ्या वाटेचे बोलतो.

ही वाट तुम्हा सगळ्यांच्या पायाखालची आहे. १९७२ च्या दुष्काळात तलावाच्या कामावर जाणाऱ्या आपल्याच आई-बापांच्या पायांनी ती पडली. दिवसभर माती उपसायची आणि मजुरीसोबत तांबडी मिलो ज्वारी, सुकडी घेऊन घरी यायचे, हे आपण त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. काम संपले, तलाव राहिला, वाट राहिली. याच वाटेने बाया सरपणाला जातात, शेळ्या जातात, लेकरं बोरं खायला जातात. पोरांनी अलीकडे तिला 'निसर्गवाट' असे नाव दिले. पळस, हिवर, करंज, कडुलिंब, तरवड अशा झाडांना नावाच्या पाट्या लावल्या. नाव चांगलेच आहे. पण चार वर्षांमागे श्रावणात या निसर्गवाटेवर उभे राहून पाहिले तर काय दिसत होते? एका अंगाला छातीइतके गाजरगवत, दुसऱ्या अंगाला घाणेरीची जाळी, खाली नाल्यात बेशरम, आणि मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा. पाट्या गवतात बुडालेल्या. साप-किरडाच्या भीतीने बायांनी ती वाट सोडली होती आणि डोक्यावर मोळी घेऊन सडकेने वळसा घालून येत होत्या. तिथून आपल्या तरुण मुलामुलींचे श्रमदान सुरू झाले. बाया त्यांच्यात आल्या आणि कामाला खरा हात लागला, कारण खुरपे धरावे ते त्यांनीच.

आधी गाजरगवताची कुळकथा सांगतो. आपल्याकडे त्याला काँग्रेस म्हणतात. पांढऱ्या टोपीसारखी बारीक फुले म्हणून काँग्रेस, असे कोणी सांगतो. त्या राज्यात आले म्हणून काँग्रेस, असे दुसरा सांगतो. आम्ही या वादात पडत नाही, समोर सगळ्याच पक्षांची मंडळी बसलेली आहेत. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचे. आपल्या देशात त्याचा बोभाटा झाला तो पुण्यापासून. प्रा. परांजपे यांनी ते पुण्यात कचऱ्याच्या ढिगावर उगवलेले पाहिले आणि राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. आपल्याला मात्र सगळीकडे एकच ऐकायला मिळते की, 'पीएल ४८०' करारातल्या अमेरिकन गव्हाबरोबर हे आले. तो भारताबरोबरचा करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. परांजपे सरांनी झाड पाहिले ते त्याच्या आधी. अमेरिकेचे धान्य १९५१ पासूनच येत होते, तेव्हा त्यातून बी आले असेल हे अशक्य नाही. पण ऐकलेली गोष्ट तारखेला घासून पाहावी, एवढी सवय चळवळीने आपल्याला लावलेली आहे, म्हणून सांगितले.

ते कसेही आलेले असो, आले आणि पन्नास-साठ वर्षांत देशभर झाले. याचे कारण त्याच्या अंगातच आहे. एक झाड दहा-दहा हजार बी टाकते. चांगले पोसलेले असेल तर पंचवीस हजारांपर्यंत. बी इतके हलके की वारा नेतो, पाणी नेते, गाडीच्या टायरला चिकटलेली माती नेते, शेणखताची ट्रॉली नेते. तीन-चार महिन्यांत जन्म, फूल, बी, सगळे उरकते आणि पाणी मिळाले की पुन्हा दुसरी पिढी उभी. जे बी मातीत दबले ते वर्षानुवर्षे जिवंत राहते. शिवाय याच्या मुळांतून आणि पाल्यातून असे रस जमिनीत उतरतात की शेजारच्या दुसऱ्या बियांना उगवणे जड जाते. म्हणजे स्वतः वाढते आणि दुसऱ्याला वाढू देत नाही. गाय-म्हैस सहसा तोंड लावत नाही; उपाशी जनावराने खाल्लेच तर दूध कडू लागते.

आणि माणसाला काय होते ते आपल्या बायांना विचारा. बांधावर हे गवत उपटून-उपटून हाताला, मानेला खाज सुटते, पुरळ येते, कातडी जाड आणि काळी पडते. फुलातला पराग नाकात गेला की शिंका, पुढे काहींना दमा. सगळ्यांनाच होते असे नाही. पण ज्याचा रोज संबंध येतो त्याला अधिक होते, आणि रोज संबंध कोणाचा येतो? वसमतकडच्या हळदीत, सगळ्या जिल्ह्यातल्या सोयाबीन-कापसात रोजाने निंदायला जाणाऱ्या बाईचा. डॉक्टर मलम देतो आणि सांगतो की, त्या गवताजवळ जाऊ नका. मग रोज कोण देणार?

आणखी एक गोष्ट आहे, तिची कुठेच नोंद होत नाही. पहिल्या पावसानंतर या माळावर तरोटा उगवायचा, घोळ, केना, तांदुळजा, पाथरी, कुर्डू उगवायचे. ज्यांच्या घरी शेत नाही त्यांच्या भाजीची सोय महिना-दीड महिना फुकटात व्हायची. आपल्यातल्या किती जणांची लहानपणची भाकरी त्या भाजीबरोबर खाल्लेली आहे, ते ज्याचे त्याला माहीत. जिथे गाजरगवताचा गालिचा झाला तिथून ही भाजी गेली. शेतकऱ्याचे पीक गेले तर पंचनामा होतो, तो व्हायलाच पाहिजे. गरिबाची रानभाजी गेली तर पंचनामा करायला कोण येतो?

आता घाणेरी. कोणी टणटणी म्हणतात. हीसुद्धा अमेरिका खंडातलीच. हिला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेतले शोभेचे फूल म्हणून आणले. फूल खरोखर देखणे आहे, एकाच गुच्छात पिवळे, नारिंगी, गुलाबी. बागेतून ती कुंपणावर गेली, कुंपणावरून जंगलात. काळी पिकलेली फळे पाखरे खातात आणि बी दूरवर टाकतात. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये हिशोब मांडला की, देशात जिथे वाघ राहतात त्या जंगलांपैकी दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त भाग घाणेरीने व्यापलेला आहे, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणजे हरणाला चारा नाही. आपल्या माळावर वाघ नाही, पण शेळी आहे, आणि शेळीलाही तेच लागू आहे.

पंधरा वर्षे झाली, कोणत्याही व्यासपीठावर या झाडांचे नाव निघाले की वक्ता म्हणतो, 'ही परदेशी झाडे आहेत, ती उपटून फेका.' इथे आमचा त्या वक्त्यांशी मतभेद आहे, आणि तो जरा सविस्तर सांगतो.

आपल्या भाजीतली मिरची कुठली? अमेरिका खंडातली. टमाटा, बटाटा, भुईमूग, पेरू, पपई? तिकडलीच. पोर्तुगीज वगैरे लोकांनी गेल्या चार-पाचशे वर्षांत ती इकडे आणली. आता मिरची परदेशी म्हणून उपटायला गेलो तर घरात वरण बेचव होईल. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात लिहून ठेवले आहे की, माणसांच्या आणि जनावरांच्या उपयोगाच्या औषधी वनस्पती, मुळे, फळे जिथे जिथे नव्हती तिथे तिथे बाहेरून आणवून लावली. म्हणजे बाहेरून झाड आणणे हे पाप नाही. आणि अमुक ठिकाणी जन्मला एवढ्यावरून एखाद्याला वाईट ठरवायची जी रीत आहे, तिची चव आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी घेतलेली आहे. ती रीत आपण झाडांनाही लावू नये.

मग घाणेरी का काढायची? तिचा जन्म कुठला म्हणून काढायची नाही. ती इथे आल्यावर शेजाऱ्याला जगू देत नाही म्हणून काढायची. शास्त्रज्ञ सांगतात की, तिच्या मूळ देशात तिला खाणारे किडे आहेत, रोग आहेत. ते तिला आवरून धरतात. इकडे ती आली पण ते किडे तिकडेच राहिले, म्हणून इथे मोकाट झाली. गाजरगवताचेही तसेच. म्हणून तर त्याला खाणारा भुंगा मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगलोरला सोडण्यात आला. तो भुंगाही परदेशीच, पहा! परभणीच्या कृषी विद्यापीठातूनही असे भुंगे शेतकऱ्यांना देतात. पावसाळ्यात हा भुंगा पाने खाऊन चाळणी करतो, पण ऊन-थंडीत जमिनीत दडून बसतो, त्यामुळे सगळे काम त्याच्यावर सोपवता येत नाही.

अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात, मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे लहानसे गाव आहे, बहुतेक वस्ती कोरकू आदिवासींची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ साली १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तोपर्यंत ते जंगल नावालाच उरले होते, घाणेरी माजली होती. गावाने ती काढली, पाणी अडवले, झाडे लावली, राखण केली. आणि पुढे तिथली सीताफळे गावाने एकत्र करून विकायला सुरुवात केली, 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने ती मुंबईपर्यंत गेली. २०१४ मध्ये गावाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. यात गंमत बघा. जी घाणेरी काढली ती अमेरिका खंडातली, आणि ज्या सीताफळाने गावाला पैसा दिला तेही मूळचे अमेरिका खंडातलेच. पायविहीरच्या लोकांनी जन्मदाखला पाहिला नाही.

पायविहीरची दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे हक्क आधी मिळाला, श्रम त्यानंतर झाले. आपल्याकडे तसे नाही, आणि याच मुद्द्यावर दोन वर्षांमागे आपल्याच वस्तीत मोठी चर्चा झाली होती. ती काहींना आठवत असेल.

एक वयोवृद्ध आजोबा, ज्यांनी वेठ पाहिलेली आहे, ते श्रमदानाच्या दिवशी पारावर बसून म्हणाले, "काहून रे बापा, गावानं सांगितलं की झाडायचं, गावानं सांगितलं की ओढायचं, हे सोडवायला बाबासाहेबांनी जिवाचं रान केलं. आन् तुम्ही पुन्हा गावाचं गवत फुकटात उपटायला निघाले?" तरुण मुलं हिरमुसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घाण काढायची कामे आपल्या वाट्याला कशी आली हे आपण विसरून चालणार नाही. उद्या श्रमदान चांगले होते म्हणून गावाने म्हणावे की, जरा आमच्याही घरासमोरचे काढून टाका, तर ते कुठे जाऊन थांबेल?

त्या संध्याकाळी विहारात बसून दोन तास बोलणे झाले. बाया बोलल्या, पोरं बोलली, आजोबाही बोलले. शेवटी असे ठरले की, आपण काढायचे ते या वाटेवरचे आणि विहाराच्या आवारातले, कारण इथून आपली लेकरं चालतात आणि हा निर्णय आपला आहे. कोणी हुकूम सोडून बोलावले तर जायचे नाही. गावातल्या गटारीकाठचे, शाळेमागचे, बाजारतळाचे गवत हे ग्रामपंचायतीने मजुरी देऊन काढावे, आणि ती मजुरी आपल्या बायांना मिळत असेल तर त्यांनी ताठ मानेने काम करावे. रोजगार हमीचा कायदा या महाराष्ट्राने १९७७ साली देशाच्या आधी केला, तो कामाचा दाम मागण्यासाठीच केला. आजोबांनी मान हलवली. दुसऱ्या रविवारी ते काठी टेकत वाटेवर येऊन बसले आणि कोणते मूळ राहिले ते दाखवू लागले. तेव्हापासून त्यांच्या नजरेतून एक मूळ सुटत नाही, याची मुलांना आता उलट भीती वाटते.

दुसरी अडचण जमिनीची. वाट जाते ती गायरानातून. आपल्या मराठवाड्यात आपली चार पोरं कुदळ-फावडे घेऊन गायरानात दिसली की, गावाच्या मनात पहिली शंका कोणती येते हे वेगळे सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखोंनी माणसे तुरुंगात गेली, तेव्हापासून गायरान हा शब्द निघाला की दोन्हीकडची माणसे सावध होतात. इथेही झाले. एका कार्यालयात तोंडी तक्रार गेली की, साफसफाईच्या नावाखाली अतिक्रमण चालू आहे. आपल्या मुलांना दोन-तीन खेटे घालावे लागले. यावर आपण केले ते एवढेच की, ग्रामसभेत उभे राहून विषय मांडला, कोणती वाट, किती रुंदी, कोणती झाडे काढणार आणि कोणती राखणार हे कागदावर लिहून दिले, ठराव घेतला आणि त्याची नक्कल विहाराच्या कपाटात ठेवली. जमीन कसणाऱ्यांचा हक्काचा लढा वेगळा आहे, तो त्याच्या मार्गाने चालू राहील. त्याची आणि या कामाची गल्लत कोणी करू नये, त्यांनीही नाही आणि आपणही नाही. आज वरच्या आळीतली तीन-चार घरे श्रमदानाला येतात. फार नाहीत, पण येतात.

आता वेड्या बाभळीचे सांगतो, कारण त्यावरून मुलांमध्ये आणि बायांमध्ये चांगलीच जुंपली होती. विलायती बाभूळ म्हणा, वेडी बाभूळ म्हणा, हीपण बाहेरून आलेली, काटेरी, पाणी ओढणारी आणि पसरणारी. मुलांनी पुस्तकात वाचले आणि ठरवले की, हिचाही समूळ नायनाट. त्यावर एक मावशी म्हणाल्या, "ते पुस्तक चुलीत घालू का? चूल कशावर पेटवू मी?" गॅसची टाकी घरोघर आली आहे हे खरे, पण ती भरायला पैसे लागतात, आणि महिन्यातले निम्मे दिवस पुष्कळ घरी चूलच पेटते. ज्याला शेत आहे त्याला तुराट्या-पऱ्हाट्या मिळतात. ज्याला नाही त्याच्या सरपणाला हीच बाभूळ आहे. म्हणून ठरले की, वाटेवर आणि तलावाच्या पाळूवर आलेली रोपे काढायची, पलीकडच्या माळावरची जुनी झाडे ठेवायची, आणि सरपणासाठी त्यांच्याच फांद्या छाटायच्या, म्हणजे तिला शेंगा कमी लागतील. शास्त्राच्या दृष्टीने हे अर्धे काम आहे, असे एक गुरुजी म्हणाले. असेल. पण आमच्या मते हा निर्णय योग्य आहे. सरपणाची दुसरी सोय होईल त्या दिवशी उरलेले अर्धे काम करू.

प्रत्यक्ष कामाचे थोडे सांगतो, कारण आज बाहेरगावचे पाहुणेही आलेले आहेत आणि त्यांना आपापल्या गावी करायचे असेल.

गाजरगवत विळ्याने कापू नये. कापले की बुडातून चार फांद्या फुटतात. पाऊस पडून जमीन ओली असताना मुळासकट उपटावे, म्हणजे जोर लागत नाही. आणि फुलावर येण्याच्या आत उपटावे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट असा गाजरगवत जागृतीचा सप्ताह पाळतात. सप्ताह चांगला आहे, पण जूनच्या पावसावर उगवलेले गवत आपल्याकडे ऑगस्टमध्ये फुलावर आलेले असते. म्हणून आपण आषाढातच दोन फेऱ्या करतो आणि सप्ताहात उरलेसुरले काढतो. जिनिंगचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, त्यामुळे पावसाळ्यात आम्हा कामगारांचे हात रिकामेच असतात. बिनफुलाचे गवत खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थर देऊन कुजवले की चांगले खत होते. फुलावर आलेले मात्र खतात घालायचे नाही, नाहीतर बी पुन्हा शेतात जाते. ते पोत्यात भरून एका ठिकाणी खोल पुरतो.

हातात मोजे पाहिजेत. नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, पण उघड्या हाताने नको. पूर्ण बाहीचा सदरा, तोंडाला दस्ती किंवा ओढणी, आणि घरी गेल्यावर साबणाने अंघोळ. ज्याला दमा आहे, ज्याच्या अंगाला एकदा पुरळ आले आहे, त्याने गवताला हात लावायचा नाही. त्याने पाण्याची घागर सांभाळावी, लेकरं सांभाळावीत. आणि बारकी लेकरं फुलोऱ्याच्या दिवसांत वाटेवर नकोतच.

घाणेरीचे तंत्र वेगळे. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी एक साधी रीत दाखवून दिलेली आहे. झुडूप जमिनीलगत तोडायचे नाही, कारण बुडाला डोळे असतात आणि तिथूनच ते पुन्हा फुटते. बुडाभोवतीची माती जराशी उकरायची, डोळ्यांच्या खाली, तीन-चार बोटे जमिनीत मूळ तोडायचे, आणि झुडूप उचलून उलटे, मुळे वर करून ठेवायचे, म्हणजे वाळते. औषध नको, मशीन नको. फवारणीचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण ज्या माळावरून आपण भाजी खुडणार तिथे फवारा मारायचा नाही, हे पक्के ठरलेले आहे.

एवढे करूनही काढलेली जागा उघडी ठेवली तर पुढच्या पावसाला पहिला मान गाजरगवताचाच. मुळात ते उघड्या, खरवडलेल्या जमिनीवरच माजते. मुरूम काढून जमीन जिथे तशीच टाकली, सडकेसाठी जिथे कड खणली, कचरा जिथे ओतला, तिथे बघा. म्हणून उपटलेल्या जागी आम्ही तरोट्याचे बी फोकतो. तरोटा दाट आला की गाजरगवताला डोके वर काढू देत नाही, असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात. आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये पवना नदीतली जलपर्णी काढायला नागरिक २०१७ पासून वर्षानुवर्षे राबले. ट्रकच्या ट्रक काढली. पण जोवर सांडपाणी नदीत येते तोवर जलपर्णीला खुराक मिळत राहतो आणि ती पुन्हा येते. त्या माणसांच्या कष्टाला आमचा सलाम आहे. पण वरचा नळ बंद न करता खालचे पाणी पुसण्याचे काम ते किती दिवस करणार? आपल्या वाटेच्या तोंडाशी गावाचा कचरा येऊन पडतो, ट्रॉल्या रिकाम्या होतात. तो थांबवण्याचा अर्ज दिलेला आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

चार वर्षांत काय झाले? पहिल्या वर्षी उपटले त्याच्या दुप्पट दुसऱ्या वर्षी उगवले. मातीतले जुने बी होते ते. निम्मी मुलं त्या वर्षी गळाली. तिसऱ्या वर्षी कमी झाले. या वर्षी विहारापासून हिवराच्या झाडापर्यंतचा पट्टा जवळजवळ मोकळा आहे. तिथे मारवेल आले आहे, हराळी आली आहे, तरोटा तर आहेच, आणि भाद्रपदात एका बाईला केन्याची भाजी ओंजळभर सापडली. तिने ती सगळ्यांना नेऊन दाखवली. हिवराच्या पुढे तलावापर्यंत अजून घाणेरी तशीच आहे. वाटेवर बाया पुन्हा चालू लागल्या आहेत, मोळी घेऊन.

नाल्यातल्या बेशरमचे मात्र अजून काही जमलेले नाही. तिचे नावच तिने सार्थ केले आहे. कांडीचा तुकडा तुटून ओल्या चिखलात पडला की तिथेच मूळ धरतो. त्यामुळे ती तोडून पाण्यात सोडली तर आपला नाला साफ होईल आणि पुढच्या गावाच्या नाल्यात बेशरम होईल; हे पाणी कयाधूला जाते आणि कयाधू पैनगंगेला. तेव्हा तोडलेली प्रत्येक कांडी काठावर ओढून, पाण्यापासून लांब, खडकाळ जागेवर वाळत घालावी लागणार. ते काम मे महिन्यात, नाला कोरडा असताना करायचे आहे. त्याला किमान तीस माणसे लागतील. दहा नावे विहाराच्या वहीत आलेली आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जेवणाआधी नाव लिहावे; टिकाव-पहार घरची आणावी, मोजे विहारातून मिळतील. बायांनी वेळ सकाळी सहाची सांगितली आहे, म्हणजे दहाच्या आत रोजावर जाता येईल.